पुजलेला स्विच

महिपत भोईर मानपाड्याचा. आमच्या रंगाच्या कारखान्यात हेल्पर म्हणून लागला आणि स्वतःच्या खटपटीने कॉम्प्युटर सांभाळू लागला. पण हंगामी तो हंगामीच. १९९८ साली साहेबांनी नवा स्विच आणला, सगळे कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारा डबा. म्हणाले, "हिशेबाचे आणि प्लँटचे कॉम्प्युटर वेगळे कर. खंडेनवमीला दुपारी बघतो. जमलं तर तुला कायम करतो, नाहीतर बाहेरची पार्टी बोलावतो."

स्विच माझ्या स्टोअरमध्येच होता, त्यामुळे सगळं माझ्यासमोर घडलं. डबा एकच, पण आत दोन व्हीलॅन करायचे, म्हणजे एका घरात दोन चुली. महिपतने पुस्तक वाचून वायर खोचायच्या एकेका पोर्टची चूल ठरवून दिली. नवमीच्या आदल्या संध्याकाळी हिशेबाचे कॉम्प्युटर प्लँटला दिसेनासे झाले. गडी नुसता नाचायचा बाकी होता.

सकाळी पूजेला घरची माणसंही आली, त्यात महिपतची आई जनाबाई. चालू हत्यार पुजायचं नाही, म्हणून महिपतने स्विचची वायर काढली, डबा पुसला, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. पुजलेल्या हत्याराला महिपत दिवसभर हात लावणार नव्हता, पण दुपारी साहेबांना दाखवायचं होतं, म्हणून आरतीनंतर वायर मी लावली. बघतो तर सगळे कॉम्प्युटर पुन्हा एकाच चुलीवर! केलेलं काम सेव्ह करायचंच राहिलं होतं. वायर काढली, त्याबरोबर तेही गेलं. अख्खं पुस्तक पाठ, आणि नेमकं एवढंच विसरावं? असा राग आला मला!

"कर की परत," मी म्हणालो.

"पुजलंय, काका. आज कसं राबवू?"

"मग बस जन्मभर गोण्या उचलत!"

तो हात बांधून उभा. साहेबांची गाडी यायची वेळ झालेली. तेवढ्यात जनाबाई पुढे आली. नवमीला या बाईने उभ्या आयुष्यात पुजलेल्या कोयत्याला हात लावला नव्हता. तिने डब्यावरची माळ काढून पदरात घेतली.

"बस कामाला. पाप लागंल तं मना लागंल."

महिपत बसला. या वेळी सेव्ह केल्याशिवाय खुर्ची सोडली नाही.

साहेब आले, दोन्हीकडचे कॉम्प्युटर तपासले आणि म्हणाले, "उद्यापासून तू कायम." महिपतचे डोळे भरून आले. तो आईच्या पाया पडायला वाकला, तर ती मागे सरली.

"माझे नको, त्याचे पाया पर. सनाचे दिशी राबवलास त्याला."

महिपत डब्यासमोर वाकला. साहेबांनीही बूट काढले.