ऊस तुटल्यावर दिसलेला रस्ता

आमच्या वस्तीवरून कुंडलला शाळेत जायला एकच रस्ता आहे, आणि कारखाने सुरू झाले की तो पोरांचा राहत नाही, उसाच्या ट्रॅक्टरांचा होतो. एकेका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, दोन्ही अंगांनी बाहेर लोंबणारा ऊस आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर कानठळ्या बसवणारी गाणी. मागून कुणी कितीही बोंबललं तरी त्याला ऐकू जायचं नाही.

माझी मुलगी नववीत आहे. सायकलने जाते. आधी सकाळची एसटी होती, ती लॉकडाऊनमध्ये बंद झाली ती झालीच. वडापची, म्हणजे सीटवर पैसे घेणारी खाजगी जीप वस्तीपर्यंत येत नाही, आणि आलीच तरी तीत पोरं कोंबून भरतात. तिचे वडील सैन्यात. त्यांची मोटारसायकल दारात झाकून ठेवलेली. मला ती चालवता येत नाही आणि सासऱ्यांना, म्हणजे आमच्या आण्णांना, डोळ्यांनी नीट दिसत नाही. राहता राहिली सायकल.

माझं माहेर उंब्रजचं, हायवेच्या कडेचं. लहानपणी आई बजावायची, दोन्हीकडं बघायचं आणि मगच पाऊल टाकायचं. मी लेकीलाही तेच सांगत आले. पण इथं दोन्हीकडं बघून दिसणार काय, तर ऊस! वळणावर समोरून काय येतंय ते अंगावर आल्यावरच कळतं.

रोज ती निघाली की मी घराच्या स्लॅबवर जायची. मधे आमचाच ऊस, दीड-दोन पुरुष उंच. तिचं लाल दप्तर फाटकापाशी दिसायचं आणि गडप व्हायचं. मग मी तिथंच उभी राहून ट्रॅक्टरचे आवाज ऐकायची. वाटायचं, हा मेला ऊस एकदाचा तुटू दे, म्हणजे निदान पोर कॅनॉलच्या चढापर्यंत दिसेल तरी.

ऊस तुटणं काही आपल्या मनावर नसतं. कारखान्याची तोडणीची टोळी कधी येते त्याची वाट बघायची, आणि आली की तिला जपायचं. त्यातही ड्रायव्हरला जास्त. तो रुसला की ट्रॉली शेजारच्या फडात जाऊन उभी राहते आणि आपला तुटलेला ऊस उन्हात वाळत पडतो. आमच्याकडं आलेला ड्रायव्हर जतकडचा, तिशीतला, हसऱ्या तोंडाचा. मला वैनी म्हणायचा. एका संध्याकाळी त्याला जेवायला बोलावलं. कोंबडीचा रस्सा, भाकरी, कांदा. लेक वाढत होती.

"ह्या ताईला मी रोज बघतो की," तो म्हणाला. "लाल दप्तर."

लेक हसली. मी तेवढ्यात धीर केला. म्हटलं, "भाऊ, शाळंच्या वक्ताला जरा सांभाळून चालवत जावा. पोरं असत्यात रस्त्याला."

"व्हय वैनी." तो भाकरी मोडत होता. "पर खरं सांगू का, मागच्या ट्रॉलीच्या पाठीमागं काय चाललंय ते आमाला दिसतच न्हाई. आरशात बघावं तर निस्ता ऊस."

"मग गाणी तरी बारीक लावा!" माझ्या तोंडून गेलंच.

आण्णांना दिसत नसेल, पण डोळे वटारता येतात. ड्रायव्हर हात धुवायला उठला तसे ते हळू आवाजात म्हणाले, "आगं, अजून निम्मा फड उभा हाय. त्याला दुखवू नगंस." मी तांब्या घेऊन त्याच्या हातावर पाणी घालायला गेले. निम्मा फड उभाच होता की.

मग रस्त्याकडचा पट्टा तुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी स्लॅबवर गेले आणि बघतच राहिले. अगं बाई, सगळा रस्ता उघडा! फाटकापासून कॅनॉलच्या चढापर्यंत सगळं लख्ख. लाल दप्तर चाललेलं दिसत होतं. खूप दिवसांनी मला बरं वाटलं.

तिच्या मागून आमच्याच फडातला भरलेला ट्रॅक्टर निघाला. चढाच्या अलीकडं त्यानं तिला गाठलं. चढाला लागल्यावर त्याचा वेग पडला, ओझ्यानं पुढची चाकं जमिनीवरनं उचलायला लागली. आणि माझ्या लेकीनं एक हात हँडलवरून काढला, मागच्या ट्रॉलीला लोंबणारी साखळी धरली आणि पायडल मारायचं सोडून दिलं. ट्रॉली ओढत होती, ही आरामात बसून चढ चढत होती. वरून एक मोळी घसरली असती तर? ट्रॅक्टर मागं आला असता तर?

"सोड! अगं कार्टे, सोड ती!" मी गळा फाटेस्तोवर ओरडले. गोठ्यातल्या म्हशीनं तेवढं मान वळवून बघितलं. खालून आण्णा विचारायला लागले, काय झालं, काय झालं. ड्रायव्हरचा नंबर माझ्याकडं होता. मी फोन लावला. रिंग गेली आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, की हा आता फोन घ्यायला स्टेअरिंगवरचा हात काढणार, तोही ह्या चढावर. मी घाईघाईनं फोन कट केला. चढ पार करून ती दिसेनाशी होईपर्यंत कठडा धरून बघत राहिले. बघायचं म्हणून तर ऊस तुटायची वाट बघितली होती ना मी? घे, बघ आता!

संध्याकाळी ती सायकल लावते न लावते तोच पाठीत एक धपाटा घातला. मग तिलाच पोटाशी धरून रडले.

"आई, सगळीच धरत्यात," ती म्हणाली. "चढाला लय दम लागतो. उशीर झाला की बाहेर उभं करत्यात. आणि मी कुणाच्यापण ट्रॉलीला हात लावत न्हाई. ते काका आपल्या वळखीचं हायत. आपल्यात जेवल्यात की. तूच वाढायला लावलंस."

"अगं, त्याला मागचं दिसत न्हाई," मी म्हणाले.

"पर मला वळखत्यात की ते."

रात्रीच्या फोनवर तिचे वडील भडकले. "उद्यापासून शाळा बंद!" म्हणाले. आणि लगेच, "न्हाई न्हाई, शाळा नको बंद करायला. बघू कायतरी." तिकडं सीमेवर बसून ते काय बघणार!

दोन दिवस मी तिच्याबरोबर चालत गेले. मी बरोबर आहे म्हणून काही ट्रॅक्टर लहान झाले नाहीत. आला की आम्ही दोघी कडेच्या मातीत उतरून उभ्या, आणि उसाची टोकं माझ्या खांद्याला घासत पुढं जायची. तिसऱ्या दिवशी इकडं म्हैस व्यायला झाली, आणि आण्णांच्यानं एकट्यानं काही होईना. लेक म्हणाली, "आई, मी जाते सायकलवर. साखळी धरणार न्हाई. तुझी शप्पथ." तिनं माझ्या गळ्याला हात लावला. मी फाटकापर्यंत गेले आणि परत येऊन, गोठ्याकडं वळायच्या आधी जिना चढले.

त्या दिवशी आमच्या उसाची शेवटची खेप होती. ट्रॅक्टर दारावरून जाताना ड्रायव्हरनं हॉर्न दिला, हात वर केला. गाण्याच्या आवाजातून ओरडला, "चाललो वैनी!" स्लॅबवरून मीही हात केला. दुसरं काय करणार होते?

सगळा फड मोकळा होता, आड काही नव्हतं. चढाजवळ ट्रॅक्टरनं तिला गाठलं आणि लाल दप्तर मागच्या ट्रॉलीच्या पलीकडच्या कोपऱ्याला गेलं. मी कठड्यावर ओणवी होऊन डोळे ताणताणून बघत होते. तिचा हात हँडलवर आहे की साखळीवर, ते ट्रॉलीच्या लोंबत्या उसामुळं काही केल्या दिसेना. चढ मात्र ती कुठंही न थांबता, ट्रॉलीच्या जराही मागं न पडता चढत होती.