मोरीतली शेपटं

मला लिहायची सवय नाही. दुसरीतच शाळा सुटली. पण बायको गेल्यापासून ही घाण डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितो.

आमचं घर पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरात. लग्नाला चारेक वर्षं झाली असतील. उन्हाळ्यात महाडच्या एका वकिलाच्या विहिरीचा गाळ काढायला आम्ही दोघं जायचो. वकिलाने हौदाभोवती मुद्दाम चिखल करून त्यात एक झाड लावलं होतं. झाड कसलं, नुसत्या हिरव्या पोकळ काड्या. पान नाही, फूल नाही, पेरापेराला काळं कडं. ओढलं की पेरात सुटायचं. 'याला घोड्याचं शेपूट म्हणतात,' असं वकील पाहुण्यांना सांगायचा आणि पाहुणे माना हलवायचे. खाली कुबट चिखल, वर डास, आणि ह्याला म्हणे बाग.

बायकोने निघताना मुळासकट एक गड्डा फडक्यात बांधून आणला आणि घरामागच्या मोरीच्या तोंडाशी लावला.

"काय गो, गुरं खातील ह्ये?"

"नाय."

"आपण खाऊ?"

"नाय."

"मग कशाला?"

"बघायला," ती म्हणाली. "तुमच्याकडं तरी किती बघू?"

खरकटं पाणी, तांदळाचं धुवण पिऊन काड्या कमरेला लागल्या. ती जाता-येता त्यांच्यावरून हात फिरवायची. कधी चार मोडून टोपाची काजळी घासायची, तेवढाच उपयोग. मोरीची बुळबुळ, त्यात वळवळणारे किडे, आणि त्यातून वर आलेली ती शेपटं. तिकडं बघून मला घास जात नसे.

एका चैत्रात ती माहेरी तुडीलला गेली, तेव्हा मी सगळं खणून काढलं. भाताची रोपं करायला आमच्याकडे राब भाजतात. शेण, टहाळ, वाळका पातेरा घालायचा आणि आग दबून जळावी म्हणून वर माती पसरायची. मोरीची माती काळी, कसदार. वाया का घालवा म्हणून मी तीच पसरली. राबाच्या कडेला आग धड पोचत नाही, हे शेतकऱ्याच्या पोराला कळायला हवं होतं. मुळांचे तुकडे तिथं जगले.

ती आली. रिकाम्या मोरीकडे बघितलं आणि राखेनं टोप घासायला बसली.

पावसात रोपांमध्ये काड्या उभ्या राहिल्या आणि लावणीत रोपांबरोबर खाचरांत गेल्या. ती वाकून उपटत होती, मी बांधावरून झाडाला शिव्या घालत होतो.

"मोरीत गप उभं व्हतं," ती म्हणाली. "शेतात तुमीच आणलंत. आता येक गड्डा परत लावून द्या."

"घाण ती. नाय लावणार."

तिने पुन्हा मागितलं नाही. स्वतःही लावलं नाही.

ती गेली. शेपटं शेतातून अजून गेलेली नाहीत. मोरी आता सुकलेली असते, एकट्या माणसाचं पाणी सांडणार किती. परवा बांधावरचा गड्डा खणून मोरीच्या तोंडाशी, तिने लावला होता तिथंच लावला. रोज कळशीभर पाणी ओततो. वास तोच येतो, किळसही तीच येते. काड्यांवरून हात फिरवणं मात्र माझ्याच्यानं होत नाही.