फोटोतली मुलगी

माझ्याकडे फोटो एडिटिंग शिकायला येणाऱ्यांना मी पहिल्याच दिवशी दम देतो: मूळ फाइलला हात लावायचा नाही. तिची कॉपी काढायची आणि कॉपीवर काम करायचं. काम चालू असेपर्यंत फाइल टिफ नाहीतर पीएसडी फॉरमॅटमध्ये ठेवायची. सगळं मनासारखं झालं, की छापायला देताना एकदाच जेपेग करायची. जेपेग उघडायची, थोडं काहीतरी करायचं, पुन्हा सेव्ह करायची, असं चालू ठेवलं तर चेहऱ्याची पार रया जाते. पोरं मान डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी नेमकं तेच करतात. मग माझं डोकं फिरतं.

हे सगळं मी नाशिकरोडच्या माझ्या स्टुडिओत चुका करत करत शिकलो. दोन हजार सालानंतर रोलचे दिवस संपत आले. मी कॉम्प्युटर घेतला आणि वर्षभरात लक्षात आलं, की लोकांना फोटो काढणारा नकोच आहे, पुसणारा हवा आहे. मुरुम पुसा, चष्म्याचे वण पुसा, रंग जरा उजळ करा. लग्नाच्या बायोडेटाला लावायचा फोटो असला की मुलीच्या आधी तिची आत्या बोलायची. मला त्या कामाचा मनापासून राग यायचा आणि दुकान चालायचं ते त्याच कामावर.

माझी धाकटी बहीण तेव्हा सिडकोतल्या एका शाळेत शिकवायची. तिच्या डाव्या कानाखालून गळ्यापर्यंत कोडाचा पांढरा डाग होता, शाळकरी वयापासूनचा. तिनं तो कधी लपवला नाही. केस वर बांधायची आणि बिनधास्त फिरायची. वर्गातल्या मुलांनी विचारलं तर म्हणायची, "हा माझा नकाशा. सांगा बघू, कुठला जिल्हा?" पण लग्नाचं बघायला लागल्यापासून तिचे फोटो जायचे आणि उत्तरं यायची नाहीत. कोणी पत्रिका जुळत नाही म्हणायचं, कोणी तेवढंही म्हणायचं नाही. आई एके दुपारी माझा डबा घेऊन दुकानात आली आणि डबा टेबलावर ठेवता ठेवता म्हणाली, "लोकांच्या पोरींचं सगळं काढतोस. आपल्या पोरीचं तेवढं काढ की."

मी भडकलो. "आणि बघायला आले म्हणजे? तेव्हा काय सांगणार आहेस?"

"निदान येतील तरी," आई म्हणाली. "आले की ती बोलेल, हसेल. माणूस समोर बसलं की डाग कोण बघतं?"

मी साफ नाही म्हणालो. पुढचे कितीतरी दिवस आई माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. मग एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर बहीण स्वतःच आली, माझ्या शेजारी स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, "दादा, काढ तो. माझ्यासमोर काढ." मी वाद घालायला लागलो, तर म्हणाली, "नकार मला येतायत, तुला नाही."

मी तिचा फोटो उघडला, कॉपी काढली, वर नवा लेअर, काचेसारखा कोरा थर, घेतला. डाग बुजवायला शेजारची चांगली कातडी उचलून आणायची असते. एकाच जागेवरून उचलत राहिलं, तर तीच तीच छिद्रं पुन्हा दिसतात आणि चोरी पकडली जाते. म्हणून कधी गालाखालून, कधी गळ्याच्या दुसऱ्या बाजूनं घ्यायचं, ब्रश मऊ ठेवायचा आणि मधूनमधून फोटो लहान करून बघायचा. मी तसंच केलं. इतकं चांगलं काम मी कुठल्याच गिऱ्हाइकाचं केलं नव्हतं, आणि सगळा वेळ मला रडू येत होतं. डाग कमी कमी होत गेला, तशी ती स्क्रीनकडे वाकत गेली. काम संपल्यावर मी तो लेअर बंद करून दाखवला, डाग परत आला. चालू केला, डाग गेला.

"बंद नको करूस," ती म्हणाली.

मी सगळे लेअर एकत्र करून जेपेग केली आणि फोटो छापून दिला.

त्या फोटोवर येवल्याहून पाहुणे आले. मुलगा तिथल्या एका सरकारी ऑफिसात क्लार्क होता, सोबत त्याचे मामा-मामी. भर उन्हात एसटीनं आले, आमचे वडील, अण्णा, त्यांना स्टँडवरून घेऊन आले. मामी बोलघेवडी होती, पण मनानं वाईट नव्हती, असं मला आजही वाटतं. बहीण चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. आईनं केस मोकळे सोडायला सांगितले होते, तिनं नेहमीसारखे वर बांधले होते. मामीनं कप उचलला, तिच्याकडे बघून छान हसली आणि आईला म्हणाली, "ही थोरली का तुमची? आता फोटोतल्या पोरीला बोलवा ना भाईर. लय गोड पोरगी हाय. आमच्यात समद्यांना पसंत पडली."

अण्णांनी उठून चालू असलेला पंखा बंद केला आणि पुन्हा लावला. मुलाच्या लक्षात आलं असावं, त्यानं मान खाली घातली.

"फोटोतली मीच," बहीण म्हणाली. तिनं ट्रे खाली ठेवला आणि त्यांच्यासमोर बसली. "डाग दादानं काढला. मीच सांगितलं होतं."

"अगं बाई," मामी म्हणाली. मग उन्हाचं, गर्दीचं, डोळ्यांचं काहीतरी बोलत राहिली. त्यांनी चहा संपवला, चिवडा तसाच ठेवला आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठले. मुलगा चप्पल घालताना जरा घुटमळला. अण्णा त्यांना पोचवायला गेले.

आई स्वयंपाकघरात भिंतीला टेकून रडायला लागली. "काय बाई म्हणायची ती! समोर उभी असलेली पोरगी ओळखू येऊ नये?" मग मीही तोंड सोडलं, आधी त्या मामीवर, मग आईवर. बहीण मोरीपाशी कप विसळत होती. तिनं वळून पाहिलं नाही.

"तिला कशाला नावं ठेवताय?" ती म्हणाली. "तिला फोटोतली आवडली. मलाही तीच आवडली होती."