गोराई खाडीचा बांध आणि आमचे रविवार

गळ टाकून बसणाऱ्या माणसांकडे मासे कमी आणि किस्से जास्त साठतात. मासा लागेपर्यंत बोलण्याशिवाय दुसरा उद्योग नसतो ना! माझी बायको म्हणते, "सांगितलेत तेवढे मासे आणले असतेत, तर मी कधी काही बोलले नसते."

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बोरीवलीला गोराई खाडीच्या काठी जुन्या मिठागराचा एक दगडी बांध होता. दोन्ही बाजूंना तिवरांची झाडी आणि पुढे पाणी. तिथे आम्ही तिघे. मी साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये टर्नर. कुलकर्णी आमच्याच सोसायटीतला, सरकारी कचेरीत हेडक्लार्क. आणि सावंत, मूळचा मालवणकडचा. त्याची गिरणी बंद पडलेली. त्यामुळे आम्ही दोघे रविवारी जायचो आणि तो रोज. घरात असला की भिंतीकडे बघत बसतो, असं त्याची बायको माझ्या बायकोला सांगायची.

*

कुलकर्णी पक्का शाकाहारी. मासा पकडायचा, हळूच गळ सोडवायचा आणि परत पाण्यात सोडायचा. एकदा त्याला हातभर जिताडा लागला. सावंत श्वास रोखून बघत होता. कुलकर्ण्याने तो सोडला आणि वर पाण्याला हात जोडले.

सावंताने आपली रिकामी पिशवी झटकली. मग म्हणाला, "कुलकर्ण्या, तू देवळात जा रे. हयसर येव नको."

पुढच्या रविवारपासून तो कुलकर्ण्याला अगदी खेटून बसायला लागला, पिशवी उघडी धरून. कुलकर्णी मासा सोडायचा तो थेट पिशवीत. कुलकर्ण्याचं व्रत मोडलं नाही आणि सावंताच्या घरी कालवण झालं.

*

मी एकदा वर्कशॉपमध्ये लंच टाइमला काठीला लावायचं पितळेचं रीळ बनवलं. आत बेअरिंग, बाहेरून पॉलिश, एकदम झकास. बांधावर सगळ्यांना फिरवून दाखवलं. पहिल्याच फेकीला ते काठीवरून निसटलं आणि खाडीच्या मध्यावर जाऊन बुडालं.

सावंत तिकडे बघत म्हणाला, "बरा लांब गेला. आता दोरी बांधून टाक."

*

मग तो सगळा पट्टा पक्ष्यांसाठी राखीव झाला. बांधाच्या तोंडाशी फाटक आलं, बोर्ड आला आणि सोपान नावाचा गार्ड आला. सोपान सांगोल्याकडचा, दुष्काळी भागातला, समुद्र कधी पाहिलेला नाही. पहिल्या सकाळी त्याने काठोकाठ भरलेली खाडी पाहिली. जेवून परत येतो तर सगळा चिखल. घाबराघुबरा आमच्याकडे आला.

"साहेब, पाणी कुणी सोडलं?"

कुलकर्ण्याने त्याला भरती-ओहोटी समजावून सांगितली. सोपानने सगळं ऐकून घेतलं. "आमच्याकडं गेलेलं पाणी परत येत नाही," एवढंच म्हणाला. त्यानंतर ड्यूटी संपली तरी तो भरती बघायला बांधावर येऊन उभा राहायचा. मला तो तेव्हापासून आवडायला लागला.

*

गळ टाकणाऱ्यांसाठी फाटकाची वेळ ठरली सकाळी आठ ते अकरा. भरती तिथीप्रमाणे येते, ऑफिसच्या वेळेप्रमाणे नाही, हे ठरवणाऱ्याच्या गावी नसावं. चतुर्थी-पंचमीचा रविवार आला की नेमकी त्याच वेळी ओहोटी. तरी आम्ही गेलोच. कुलकर्णी म्हणाला, "वेळ दिलीय ना, मग बसायचं." तिघेही चिखलात दोऱ्या टाकून बसलो.

सोपानने येऊन विचारलं, "लागतंय का काही?"

"लागता ना," सावंत म्हणाला. "मघाशी चप्पल लागली. डाव्या पायाची."

*

एक दिवस बोर्डही बदलला. मासेमारी पूर्ण बंद, बसून पक्षी बघायला हरकत नाही. कुलकर्ण्याने सोसायटीतल्या लोकांबरोबर नॅशनल पार्कात फिरायला जायचं ठरवलं. मला वाईट वाटलं, पण मला वर्कशॉप होतं. खरी काळजी होती सावंताची. त्याच्याकडे बांध सोडून काही उरलं नव्हतं.

बंदीनंतरच्या पहिल्या रविवारी मी आणि कुलकर्णी त्याच्या घरी गेलो. वहिनी म्हणाल्या, "काठी घेऊन गेलेत." आमची तंतरली. धावतपळत फाटक गाठलं. सावंत नेहमीच्या जागी बसलेला, दोरी पाण्यात, आणि सोपान डोक्याशी उभा.

"मामा, बंद झालंय आता. माझी नोकरी जाईल."

सावंताने दोरी वर काढून त्याच्या हातात दिली. टोकाला कोळंबी बांधलेली. गळ नव्हताच.

"मासेमारी खंय करतंय? पक्षी बघतंय."

सोपानने दोरी उलटसुलट करून पाहिली. अशा माणसाचं काय करायचं ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याने दोरी परत दिली आणि बाजूला बसला. सावंताने दोरी पुन्हा पाण्यात सोडली. आम्हीही बसलो. भरती चढत होती. थोड्या वेळाने दोरीवरचं तरंगतं बूच हललं, मग सबंध पाण्याखाली गेलं.

सोपान ताडकन उठला. "मामा, लागला! ओढा की!"

सावंत हलला नाही. बूच थोडा वेळ नाचलं आणि शांत झालं. मग त्याने रिकामी दोरी ओढून घेतली, डब्यातून दुसरी कोळंबी काढली आणि सावकाश बांधायला लागला.

"खावंदे रे," तो म्हणाला. "आमची मिल बंद झाली. तेंची खानावळ तरी चालू रवांदे."