ओझेला गुडघ्यावर बसते तेव्हा

ओझेला बिनियन चार वर्षांची असताना तिला सोड्याच्या बाटल्यांच्या खोक्यावर उभं करून माउंट निबो चर्चमध्ये पहिल्यांदा गायला लावलं. गाणं संपलं तरी ती खोक्यावरून उतरेना, शेवटी खोक्यासकट उचलून बाहेर न्यावी लागली. तेव्हापासून मिसिसिपीतल्या त्या गावात ओझेलाशिवाय कुणाचं काही पार पडलं नाही. लग्नात ती गायची, मयताला गायची. पुरुषांच्या चौकडीतला खर्जवाला दात उपटून घेऊन घरी बसला, तर त्याच्या जागी उभी राहून खर्जही लावायची. रेडिओवर एका पिठाची जाहिरात तिने अशी काही गायली, की ऐकून दोन बायका रडल्या आणि पीठ घेऊन आल्या.

एवढा हरहुन्नरी गळा फक्त रविवारी वापरून बाकी सहा दिवस घडी घालून ठेवायचा, हे काही तिला जमेना. म्हणून शनिवारी संध्याकाळी, ऊन पुरतं उतरायच्या आत, ती बस्टरच्या नाचघरात लाल केसांचा टोप चढवून ‘मिस रूबी रेन’ व्हायची. तिथे ती प्रेमाची गाणी गायची. ऐकायला माउंट निबोची निम्मी मंडळी असायची. ओळखायचे सगळेच, पण शनिवारी पाहिलेलं माणूस रविवारी ओळखायचं नाही, हा गावचा रिवाज होता.

तो मोडला सिस्टर आर्डेलिया मॉसने. ऑगस्टमधल्या ‘घरवापसी’च्या रविवारी शिकागो, डेट्रॉइटला गेलेली मंडळी नव्या गाड्या घेऊन गावी येतात. त्या दिवशीचं मुख्य गाणं बावीस वर्षं ओझेलाच्या आईने गायलं, आई गेल्यावर ते ओझेलाकडे आलं. आर्डेलियाचा त्यावर आठ वर्षं डोळा. ती पाळकसाहेबांकडे गेली. “नाचघरात गाणाऱ्या बाईने तीन महिने मागच्या बाकावर गप्प बसायचं, असा आपला नियम आहे ना?”

“आहे की,” रेव्हरंड टँडी म्हणाले. “पण डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार लागतो. तुम्ही पाहिलंत का?”

“मी? शी! मी कशाला जाऊ असल्या ठिकाणी?”

गावात विचारलं तर हेच उत्तर प्रत्येकाकडे तयार. शेवटी पाहून यायचं काम आलं लुटिशा गेन्स यांच्यावर, ज्यांना सगळं चर्च मानाने मदर म्हणायचं. एकतीस वर्षं सेविका मंडळाच्या प्रमुख, आणि आयुष्यात खोटं बोललेल्या नाहीत. नवऱ्याने केलेल्या केकबद्दलसुद्धा नाही.

तर त्या शनिवारी ओझेला गायला उभी राहिली, आणि समोरच्याच टेबलाशी मदर गेन्स बसलेल्या. चर्चच्या कामावर आलोय म्हणून चर्चच्याच पोशाखात: पांढरा झगा, पांढरे हातमोजे, छातीवर बिल्ला. पुढ्यात ताकाचा पेला. ताक मागितलेलं गिऱ्हाईक बस्टरने जन्मात पाहिलं नव्हतं. त्याने शेजारच्या घरून मागवून आणलं.

ओझेला मागे सरकली. ती बस्टरच्या कानाशी लागली. “बस्टर, मला बरं नाही म्हणून सांग.”

“तूच सांग. मी त्या बाईसमोर खोटं बोलणार नाही. लहानपणी माझा कान पिळलाय तिने.”

“मग वाईट गाते. म्हणजे ही मी नव्हेच असं वाटेल.”

तिने तसा प्रयत्न केला. पण वाईट गायला लागणारा गळा देवाने तिला दिलाच नव्हता. दुसऱ्या ओळीलाच गाणं तिच्या हातातून सुटलं. गाणं होतं घर सोडून गेलेल्या माणसाचं: तो गेला, खुंटीवर टोपी राहिली, आता बाई रोज टोपीला जेवायला वाढते. ‘टोपी, सांग ना त्याला’ या ओळीला ओझेला दर शनिवारी धाडकन गुडघ्यावर बसायची. आजही बसली.

आणि मदर गेन्स उठल्या.

त्यांनी ठरवून काही केलं नाही. एकतीस वर्षं चर्चमध्ये गाण्याच्या भरात कुणाच्या अंगात पवित्र आत्मा आला, बाई खाली कोसळली, की त्यांचे पाय आपोआप चालत. दोन ढांगांत त्या ओझेलाजवळ. एक हात कमरेला, दुसऱ्या हातात पर्समधून निघालेला पुठ्ठ्याचा पंखा, एका बाजूला येशू आणि दुसऱ्या बाजूला मयताची पेटी विकणाऱ्याची जाहिरात. अंगात आलेल्या बाईची टोपी आधी काढून सुरक्षित ठेवायची, हा सेविकांचा पहिला नियम. मदरनी लाल टोप काढला, नीट घडी घातली आणि ढोलवाल्याच्या मांडीवर ठेवला. “सांभाळ रे बाबा.”

बिनटोपाची मिस रूबी रेन आणि हलणारा पंखा पाहिला मात्र, सगळं नाचघर सवयीने उभं राहिलं. “होऊ दे, प्रभू!” कुणीतरी ओरडलं. मदरनी मान न वळवता दुसऱ्या बाजूला हात केला. “ही बाजू कोण धरतंय?” खांबाआडून एल्रॉय सिम्स धावले. हे चर्चच्या कारभारी मंडळातले, त्यांनी एका हाताने ओझेलाला धरलं आणि दुसऱ्या हातातली बिअरची बाटली कुठे ठेवावी ते न सुचल्याने तिनेच वारा घालू लागले.

बुधवारी सभा भरली. ओझेला मागच्या बाकावर आपणहून जाऊन बसली होती, सवय असावी म्हणून.

“मदर, काय पाहिलंत?” रेव्हरंडनी विचारलं.

“ओझेला गात होती.”

“कुणाबद्दल?”

“एका पुरुषाबद्दल. आणि त्याच्या टोपीबद्दल.”

आर्डेलियाने समाधानाचा सुस्कारा सोडला. बाकीच्यांनी छताकडे पाहिलं.

“मग?”

“मग ती गुडघ्यावर आली आणि मी तिला पंखा घातला.”

रेव्हरंड पुढे झुकले. “अहो मदर, पंखा पवित्र आत्मा अंगात आला तरच घालायचा. तिथे कसला आत्मा?”

“मी तेच शनिवारपासून विचारतेय स्वतःला,” मदर शांतपणे म्हणाल्या. “एक तर तिथे आत्मा होता. नाही तर माझा हात चुकला. आणि माझा हात चुकत असेल, साहेब, तर या चर्चमध्ये एकतीस वर्षांत ज्यांना ज्यांना मी वारा घातला, त्यातले खरे किती आणि खोटे किती, बसून काढावं लागेल. अठ्ठावन्न सालच्या ईस्टरला मी तुम्हालाही घातला होता.”

 रेव्हरंडनी रुमाल काढला.

“पण हिच्या एकटीच्या शब्दावर कसं?” आर्डेलिया उसळली. “दुसरं कुणी होतं का तिथे?”

“होते ना. दुसरी बाजू—”

“हात चुकलेला नाही!” एल्रॉय सिम्स घाईघाईने उठून म्हणाले. “मदरचा हात कधी चुकत नाही. माझा ठराव आहे, घरवापसीला ओझेलानेच गावं.” अनुमोदनाला एकदम चाळीस हात वर आले. शनिवारी नाचघरात तेवढ्याच खुर्च्या भरल्या होत्या.

बाहेर पायऱ्यांवर ओझेलाने मदरना गाठलं. तिला हे पचेना. “मदर, खरं सांगू? ते गुडघ्यावर बसणं… मी दर शनिवारी बसते. ढोलाच्या ठोक्यावर.”

“ठाऊक आहे. झग्याखाली गुडघ्यांना काय बांधलं होतंस गं? धरताना लागलं माझ्या हाताला.”

“कापसाच्या उश्या.”

“आणि मला सगळ्यांपुढे विचारलं असतं तर मी तेही सांगितलं असतं. कुणी विचारलं नाही.” मदर एकेक पायरी जपून उतरल्या. “पण पोरी, त्या टोपीच्या ओळीला माझ्या अंगावर काटा आला, तो काही उशीचा नव्हता. आता असं कर, मलाही तसल्या दोन शिवून दे. प्रार्थनेला खाली बसले की उठताना जीव जातो. आणि घरवापसीला जरा सांभाळून बस, मी दोन सेविका जास्त उभ्या करणार आहे.”

दोन पुरल्या नाहीत. त्या रविवारी तिसऱ्या कडव्यालाच आर्डेलिया मॉस आडवी झाली. तिची टोपी इतकी मोठी होती, की ती काढून ठेवायलाच एक सेविका लागली.