रशीदचा हात चुकला नव्हता

रशीद गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदुऱ्याच्या गोदामात कनाती वाळत घालत होतो. त्याची बायको नसीम एवढंच बोलली, "भाऊ, ते गेले... जोहरच्या नमाजच्या आधी येजा." गेलो, माती दिली. कबरस्तानच्या फाटकाशी वडनेर भोलजीचा एक कास्तकार म्हणाला, "माणूस गुणाचा होता, पण त्या दिवशी कंपनीच्या बाजूनं झाला." खरं मले माहीत होतं, तरी मी तिथून निघून आलो. त्याले आता महिना झाला. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, अक्षर वाकडं येतं, पण हे मलेच लिहावं लागेल.

मंडप माझा, लाईट रशीदचा, असं आमचं कैक वर्षं चाललं. तीन एकर कपाशी सांभाळून तो हे काम करायचा. लाईट चालवायच्या त्याच्या मशीनले पुढं त्यानं दोन काचेचे पडदे बाहेरून जोडले, बोट लावलं की चालणारे. मी हसलो, "बटनं हायेत ना, काच काऊन चोळतं बे?" तो म्हणाला, "बटनं वीस अन् लाईट शंभर, भाऊ. तुम्हीच सांगा." प्रत्येक काचेले दोन वायरी. एक चित्र आणते, दुसरी बोट कुठं लागलं ते मशीनले सांगते. "काढल्या तं मले सांगजा," हे तो दर कार्यक्रमाले म्हणायचा, आणि दर वेळी मले राग यायचा. जन्म मंडपात गेला, हा मले वायर शिकवतो...

बीटी कपाशीले अळी लागत नाही म्हणून साऱ्यांनी पेरली, रशीदनंही, आणि बोंडअळीनं बोंडं आतून पोखरली, त्या सालची गोष्ट. बियाण्याच्या एका कंपनीनं वडनेरले मेळावा ठेवला. दुपारी रशीदनं सगळं तपासलं आणि तो असरच्या नमाजले गेला. काचांवर ऊन येत होतं. मी वायरी उपसल्या, टेबल सावलीत ओढला, वायरी परत खोचल्या. दोन्ही चित्रं जागच्या जागी आली. झालं, म्हटलं. रशीदले सांगितलं नाही.

दिवस बुडाल्यावर दिगंबर नावाचा कास्तकार लोकांतून उठला. हातात किडकं बोंड. "साहेब, हे फोडून पाहा, मग बोला." त्याच्यावर उजेड टाकायले रशीदनं डावी काच दाबली. डावीवर लोकांकडचे लाईट होते, उजवीवर स्टेजचे. पण उजळलं स्टेज. ते कमी करायले त्यानं उजवी दाबली, तं दिगंबरच अंधारात गेला, आणि त्याच्यासंगं सारे लोक. मागून आवाज आला, "लाईट बंद करून तोंड बंद करतं काय बे? कंपनीले इकला काय?" रशीदनं काच पुसली. काचेले बोट नीट कळावं म्हणून चारही कोपरे दाबून माप पुन्हा घेतलं. तरी बोट इकडं, काम तिकडं. मग तो टेबलाखाली शिरला, एकेक वायर हातानं चाचपत गेला, आणि बोटाच्या दोन वायरींची अदलाबदल केली. लगेच उजेड आला. पण दिगंबर निघून गेला होता, आणि अर्धा मंडप त्याच्या मागं.

टेबलाखालून रशीदनं माझ्याकडं पाह्यलं. मी म्हटलं, "तुही काचच खराब हाये." तो बाहेर आला आणि लोकांले म्हणाला, "माहा हात चुकला."

हात चुकला यावर कोणी विश्वास ठेवला नाही. त्या गावच्या लग्नांत पुढं मले बोलावत, पण सांगत, रशीदले आणू नका. मी दुसरा माणूस घेऊन जात होतो. रशीदले ते माहीत होतं. रस्त्यात भेटला की विचारायचा, "मंडप चांगला झाला ना, भाऊ?"

त्याचं सामान नसीमनं माझ्या गोदामात ठेवलं आहे. परवा संग्रामपूरचा एक लाईटवाला ते पाहायले आला. प्रत्येक काचेच्या दोन वायरी टोकापर्यंत सुतळीनं एकमेकींले बांधलेल्या, दर वितीवर एक गाठ. एका काचेची वायर दुसरीले लागू नये म्हणून मेळाव्यानंतर रशीदनं बांधल्या होत्या, मले एक शब्द न बोलता. लाईटवाल्यानं कैची काढली.

"राहू दे," मी म्हटलं.

"काऊन? वायर मोकळी बरी."

मी खाली बसलो. म्हटलं, "वडनेरच्या मेळाव्यात वायरी मी उलट्या खोचल्या होत्या."