आकारामचा चिनी काढा

आकारामच्या दारात माणसं जीभ बाहेर काढून बसू लागली ती माझ्यामुळं. त्याच्या लेकीच्या, राजेश्वरीच्या पोराचं बारसं होतं. पाळणा झाला, पण आचारी रुसल्यामुळं पंगत काही मांडता येईना. तोवर पाहुण्यांना गुंतवून ठेवायला कुणीतरी माझ्या हातात माईक दिला. रिटायर मास्तराला माईक देणं म्हणजे बैलाला कडब्याच्या गंजीवर सोडणं. मी बाळाचं कौतुक केलं, त्याच्या आजोळाचं केलं, तरी आचारी रुसलेलाच. मग बाळाच्या आजोबाचा, म्हणजे आमच्या आकारामचा, जुनाट खोकला कलकत्त्याच्या चिनी वैद्यानं नुसती जीभ बघून कसा पळवला, ते तिखटमीठ लावून सांगितलं. "अजून ते औषध त्याच्या घरात आहे," असंही शेवटी ठोकून दिलं. टाळ्या पडल्या. आकारामनं मात्र बसल्या जागी कपाळ धरलं.

गोष्ट तशी खोटी नव्हती. आमच्या विट्याकडची माणसं गलाईच्या धंद्यापायी देशभर पांगलेली. सोनारांच्या गल्लीत भट्टी लावायची आणि सोनं-चांदी गाळून शुद्ध करून द्यायची. आकारामच्या उमेदीची वर्षं कलकत्त्यातल्या असल्याच एका गल्लीत गेली आणि ॲसिडचा धूर छातीत बसला. पलीकडच्या गल्लीत एका म्हाताऱ्या चिनी वैद्याचं दुकान होतं. भिंतभर लाकडी खण, खणाखणात साली, मुळ्या, वाळकी फुलं. आकारामला दुकान पटलं ते तिथल्या इवल्याशा तराजूमुळं. जो माणूस पाल्याला सोन्यासारखा तोलतो, तो फसवणार नाही, असा गलाईवाल्याचा हिशेब. म्हातारा आधी "जीभ दिखाओ" म्हणायचा, मग नाडी धरायचा, मग कुठल्या गोळ्या चालू आहेत ते खोदून खोदून विचारायचा, आणि त्यानंतरच एखादा खण उघडून काढ्याची पुडी बांधायचा.

खोकला हटत आला तशी भट्टीवरच्या जोडीदारानं, कृष्णातनं, "मलाबी खोकला हाय, तुझ्यातला पेलाभर दे की गड्या," म्हटलं. आकारामनं दिला. कृष्णातला रक्तदाब होता. म्हाताऱ्यानं ते विचारलं असतं, आकारामला ते सुचलंच नाही. घटकाभरात कृष्णातची छाती धाडधाड उडायला लागली, डोळे लाल झाले. दवाखान्यात नेला म्हणून वाचला. म्हातारा दोघांवर आधी चिनीत ओरडला, मग बंगालीत, आणि शेवटी समजेल अशा हिंदीत. "तुम्हारा दवा तुम्हारा. दूसरे का जहर."

त्या काढ्याची एक पुडी आकारामनं बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवलेली. प्यायला नव्हे, वासाला. डब्याचं झाकण उघडलं की त्याला कलकत्ता दिसायचं.

बारशानंतर त्याला ते झाकण उघडायचीही सोय उरली नाही. पुढच्या दारानं माणसं आली की तो मागच्या दारानं गोठ्यात जायचा. मग माणसं गोठ्याकडूनच यायला लागली. शेवटी तो न्हाणीत बसू लागला. बाहेरून अंजना, त्याची बायको, दार वाजवायची. "आवं, किती येळ बसताय? लोकास्नी वाटंल, औषध तिथंच ठिवलंय!"

परक्याला नाही म्हणता येतं. पण एका सकाळी कराडकडनं जीप आली आणि तिच्यातून सुभेदार हंबीरराव उतरले. राजेश्वरीचे सासरे, फौजेतून निवृत्त. व्याह्याला नाही म्हणणं म्हणजे लेकीच्या ताटात खडा टाकणं. त्यांच्या हृदयात झडप बसवलेली होती आणि रक्त पातळ राहायची गोळी रोज चालू होती, हे आकारामला ठाऊक होतं. दुखत होते गुडघे.

"पाव्हणं, डबा काढा," सुभेदार म्हणाले. चहा समोर आला, पण त्यांनी बशीला हात लावला नाही.

"आवं, ती पुडी जुनी हाय. किडं झालं असतील."

"सियाचीनला आमी काय काय खाल्लंय! किड्याचं काय घेऊन बसलाय?"

आकारामनं कृष्णातची गोष्ट सांगितली. सुभेदार हसले. "त्यो गलाईवाला. आमी फौजी हाय."

पडद्याआडून अंजनानं खुणावलं. आकाराम आत गेला. तिनं चुलीवर सुंठ-गुळाचं पाणी उकळायला ठेवलेलंच होतं. "ह्येच द्या चिनी म्हणून," ती कुजबुजली. "त्यांचं मन ऱ्हाईल, पोरगी सुखात नांदंल."

आकारामला सुटल्यासारखं झालं. सुंठ-गुळानं कोण मेलंय? पेला घेऊन तो बाहेर आला. सुभेदारांनी तो हातात घेतला, वास घेतला आणि खुशीत म्हणाले, "ह्ये लागू पडलं की ती डॉक्टरची गोळी पयली बंद करतो. लय कटकट हाय तिची."

खरा काढा द्यावा तर धोका, खोटा द्यावा तर गोळीच बंद. आकारामनं व्याह्याच्या हातातला पेला काढून घेतला आणि अंगणातल्या मोरीत ओतला.

"तुमच्या डॉक्टरला इचारा. त्यो व्हय म्हणला तर जाणत्या वैद्याकडं मी सोता नेतो. पर ती गोळी सोडायची न्हाई. माझ्याकडनं कायबी मिळणार न्हाई."

सुभेदार उठले. चहा तसाच राहिला, साय धरून. व्याही चहा न पिता गेला, ही बातमी जीपच्या आधी कराडला पोचली. राजेश्वरीचा फोन आला, तोही तुटक. "आबा, तुमचं नाव निघालं की मामंजी ताट सरकवत्यात." आकारामनं घरात बसावं तर अंजनाची भांड्यांची आदळआपट, बाहेर पडावं तर जिभा.

मग सुभेदार डॉक्टरकडं गेले, ते व्याह्याची तक्रार करायला. डॉक्टरनं त्यांनाच झापलं. रक्त पातळ करायच्या गोळीबरोबर न विचारता असला पाला घेतला असता तर आत रक्तस्राव झाला असता, आणि गोळी सोडली असती तर झडपेत गाठ धरली असती, म्हणाला.

दुसऱ्या दिवशी जीप परत आली. सुभेदारांनी उतरल्या उतरल्या आकारामला मिठी मारली, दोन कप चहा घेतला, आणि जीपकडं वळून ओरडले, "उतरा रं! शिकल्याला डॉक्टर काल जे बोलला ते आमचं पाव्हणं आधीच बोललं! असा जाणता माणूस सातारा-सांगलीत न्हाई!"

जीपमधून गुडघे धरत माजी सैनिकांची अख्खी तुकडी उतरली. शिस्तीत रांग लावली, आणि जिभा बाहेर काढल्या.

मी गोठ्यात गेलो. आकाराम म्हशीच्या पलीकडं बसला होता.

"गड्या, माझ्यामुळं झालंय, मीच निस्तरतो," मी म्हणालो. "माईक घेतो आणि सांगतो, तुला औषधातलं काडीचं कळत नाही."

"नगं मास्तर, तू बोललास की माणसं वाढत्यात."